कुत्रंही नेणार नाही असा

चाळीस दिवस भरायच्या आतच माझी दोन बाळं गेली. म्हणून तिसऱ्याचं नाव सासूबाईंनी इतालमस ठेवलं, म्हणजे कुत्रंही नेणार नाही असा. न्यायला येणाऱ्याला किळस यावी म्हणून त्याच्या कपाळाला काजळी फासायची आणि दिवसभर म्हणायचं, "थू, घाणेरडा!" दीड वर्षात मी त्याला एकदाही गोड म्हटलं नाही.

आज सकाळी लस टोचायला शहरातली नवी नर्स आली.

"अगंबाई, किती देखणं पोर!"

"देखणं? डोळे फुटले का तुझे?" मी खेकसले. "थुंक आधी त्याच्यावर!"

तिने घाईघाईने लस टोचली आणि घाबरून निघूनच गेली. थुंकली नाही.

दुपारी पोर तापलं. "लसीने ताप येतोच गं," सासूबाई म्हणाल्या, पण काजळी पुन्हा त्यांनीच फासली. मी त्याला छातीशी धरून "थू, घाणेरडा" म्हणत राहिले. घसा बसला, रडू फुटलं, तरी थांबले नाही.

तेव्हा त्याने डोळे उघडले. माझ्या ओल्या गालावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदाच बोलला.

"थू. आई घाण."

मला कुणी न्यावं, हे त्यालाही नको होतं.