गळ्यातलं विधेय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी. मोडक्या बाकाच्या फळीतून सुताराने मला कापलं, वर दोन भोकं पाडून सुतळी ओवली आणि बाईंनी माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'विधेय'. माझ्या जुळ्या बहिणीवर लिहिलं, 'उद्देश्य'.

आमचा खेळ सोपा. बहीण ज्याच्या गळ्यात, त्याने कुणाचं तरी नाव घ्यायचं. 'मांजर' म्हटलं की अख्खा वर्ग विचारायचा, "मांजराचं काय?" मी ज्याच्या गळ्यात, त्याने उत्तर द्यायचं. "दूध सांडून साळसूदपणे बसलंय." झालं वाक्य. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, आणि त्याच्याविषयी जे सांगायचं ते विधेय, म्हणजे मी. तर्कशास्त्रातही माझं काम हेच. तिथे फक्त मला पारखून घेतात, सांगितलेलं उद्देश्याला लागू आहे की नाही. तेव्हा काय भाव होता माझा. मला गळ्यात घालण्यावरून हाणामारी व्हायची.

मग वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीचे बाबा वारले. ती शाळेत यायला लागली, पण बोलेना. मुलांनी आपसात ठरवलं, तिच्यासमोर घरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत. मग काय, खेळात नुसते टेबल, ढग आणि बेडूक. चांगल्या मनानेच केलं हो त्यांनी. मला काही वाटलं नाही, लाकूडच मी. तीही तशीच बसायची, बाकासारखी.

एक दिवस ती उठली, बहिणीला गळ्यात अडकवलं आणि म्हणाली, "बाबा."

'बाबांचं काय?' कुणी विचारेना. मी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या, लंबूच्या गळ्यात होते. त्याच्या छातीची धडधड माझ्या फळीत वाजत होती.

"बाबांनी," तो चाचरत म्हणाला, "मला पंक्चर काढायला शिकवलं."

ती त्याच्याकडे वळली.

"तू कुठे शिकलास? ट्यूब सोडून स्वतःच्या बोटालाच ठिगळ चिकटवलंस. पंक्चर त्यांनीच काढलं."

"बरं बाई, त्यांनीच काढलं."

"आणि हसत होते," ती म्हणाली.

आता माझा रंग उडालाय, सुतळी कुजलीय. कपाटामागे पडून असते. बहीण कुठे गेली, ठाऊक नाही. मला पुन्हा रंगवा असा हट्ट मी धरणार नाही. एवढंच करा, कुणी आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन थांबलं, तर त्या नावाला एकटं उभं ठेवू नका. त्याच्यापुढे काहीतरी बोला. चुकलात तरी चालेल, दुरुस्त करायला नाव घेणारं माणूस आहे.