गोड्या विहिरीचं पाणी

खारपाणपट्ट्यात गोडं पाणी लागणं म्हणजे नशीबच. दर्यापूरकडच्या त्या गावात सगळ्या विहिरी मचूळ, पार्वताबाईंच्या अंगणातली तेवढी गोड. गावच्या बाया तिथेच घागरी भरत, आणि पार्वताबाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते म्हशींच्या वाट्याला जाई. सून आकांक्षा 'नळाचंच पिऊ' म्हणायची, पण शहरातल्या पोरीचं ऐकतं कोण?

श्रावणात आकांक्षाला कावीळ झाली. त्यात सातवा महिना! तिला अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं आणि पार्वताबाईंचा जीव टांगणीला लागला. सून आणि पोटातलं लेकरू, दोन्ही हाती लागतात की नाही, कळेना. पोरीला निदान पाणी तरी घरचं मिळावं, म्हणून त्यांनी एसटीतून विहिरीच्या पाण्याची कॅन नेली. मायेनं पेला तिच्या ओठाशी धरला, तोच डॉक्टर गीतांजलीबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि कुठलं पाणी म्हणून विचारलं.

"आमच्या विहिरीचं. अमृत आहे, पिऊन पाहा."

डॉक्टरबाई अकोटच्या, खारपाणातच वाढलेल्या. विहिरीजवळ काय काय आहे, असं त्यांनी विचारलं. गोठा, तुळस, आणि नवीन संडासाचा खड्डा, अगदी लागूनच... सांगता सांगता पार्वताबाईंनी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"जिभेले मीठ समजते मावशी, रोग नाई समजत," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "खारट वाईट हे खरं, पण गोड ते चांगलंच असं नसते. नळाच्या पाण्यातला वास जंतू मारायच्या औषधाचा. ते तुमी म्हशीले पाजून राहिले!"

कॅनमधलं पाणी तपासणीत दूषित निघालं. आकांक्षाची कावीळ मात्र हळूहळू उतरली, बाळाचे ठोकेही छान ऐकू आले. त्या दिवशी पार्वताबाई दवाखान्याच्या बाकावर बसून मनसोक्त रडल्या.

गावी परतल्यावर सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, तर पार्वताबाई विहिरीपाशी वाट अडवून उभ्या. हे पाणी धुण्याभांड्याला न्या, प्यायला नळाचं उकळून घ्या, असं त्यांनी सांगितलं. शेजारची रुख्मिणी हिरमुसली.

"आमच्यावर रुसल्या काय, बाई?"

"रुसली असती तं नेऊ देलं असतं."

कार्तिकात आकांक्षाला मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला सगळं गाव आलं आणि नळाचं उकळलेलं पाणी पिऊन गेलं. तोंड कुणीच वाकडं केलं नाही.

बंधुभगिनींनो, तहानलेल्याला पाणी पाजणं पुण्याचं आहेच. पण ते तपासून पाजणं त्याहून पुण्याचं.