खाडीचे पाणी प्यायलेले इंजिन

मी मोटारीचे एक जुने, तडकलेले इंजिन आहे आणि माझ्याजवळ वेळ फार थोडा आहे. शहाडच्या एका भंगाराच्या आवारात, गंजक्या पत्र्यांना टेकून मी पडलो आहे. उद्या सकाळी ट्रक येईल आणि मला भट्टीला नेईल, असे आवाराचा मालक काळुराम आत्ताच कुणाला तरी सांगत होता. मित्रांनो, माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ही घाई. तेव्हा पुढचे-मागचे झाले तर सांभाळून घ्या, पण माझे ऐका.

भट्टीचे मला भय नाही. माझा जन्मच भट्टीतला. लोखंडाचा लालभडक रस वाळूच्या साच्यात ओतला आणि गार झाल्यावर साचा फोडून मला बाहेर काढले. मग यंत्रावर चढवून माझ्या पोटात चार सिलिंडर कोरले. त्यांत पिस्टन बसवले, खाली क्रँक, वर झडपा. सिलिंडरांच्या भोवती पाणी खेळायला अरुंद वाटा ठेवल्या होत्या. त्या वाटा तेवढ्या लक्षात ठेवा, माझे सगळे रडगाणे त्यांचेच आहे. मला पहिल्यांदा सुरू केले तेव्हा कारखान्याचा म्हातारा फोरमन कान लावून म्हणाला, "घड्याळ आहे, घड्याळ!" त्या एका शब्दावर मी कित्येक वर्षे ऐट मिरवली.

मला एका टॅक्सीत बसवले. पुढे शहाऐंशीच्या सुमारास ती दामाजीने घेतली. दामाजी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. खाडीतली मासळी आटली, म्हणून त्याने इंजिनाची होडी विकली आणि रस्त्यावर पोट भरायला लागला. माझ्यावर त्याचा फार जीव. सकाळी गाडीला हात लावण्याआधी तो होडीला करतात तसा मला नमस्कार करायचा. दसऱ्याला त्याची बायको सगुणा बॉनेट उघडून माझ्या झाकणावर हळदीचा पंजा उठवायची. एवढे लाड कोणत्या इंजिनाचे झाले असतील?

पण लाड आणि निगा या दोन गोष्टी आहेत, मित्रांनो. दामाजी रोज डबा भरून खाडीचे पाणी आणायचा आणि माझ्या रेडिएटरमध्ये ओतायचा.

ठाण्यातच खोपटला पंढरी नावाचा मेकॅनिक होता. माझे काळे पडलेले तेल तोच बदलायचा, हवेची जाळी झाडायचा. एकदा त्याने रेडिएटरचे पाणी बोटाने चाखले आणि थुंकला.

"मामा, हे काय घालता? नळाचं पाणी घाला."

"अरे, जनम गेला माजा इंजनावर," दामाजी हसला. "होडीच्या इंजनाला खाडीचाच पानी चालतं. मंग याला काय व्हतंय?"

"होडीत पाणी एकीकडून येतं नि दुसरीकडून जातं. इथे तेच तेच फिरतं. खार आतच बसणार ना!"

दामाजीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीवर गेला. जन्माची सवय, ती एका शब्दाने सुटते होय?

माझ्या वाटांत खाराचे थर चढू लागले, गंज धरला. माझा घसा बसू लागला. हे कळले एकट्या सगुणेला. ती पुढच्या सीटवर बसली की कान द्यायची.

"अवं, याचा आवाज आज येगला येतंय."

"तू मासली बघ, इंजन माज्याकरं दे."

मी तापमानाच्या काट्याने सांगत होतो, वाफेने सांगत होतो. माझ्याजवळ दुसरी भाषा नव्हती. फार चिडायचो मी, आणि चिडून आणखी तापायचो.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार आली. दामाजी-सगुणा आंबिवलीला मुलीकडे, शेवंतीकडे गेले होते. घरामागे लाकडे काढताना सगुणेच्या पायाला घोणस चावली. तिला मागच्या सीटवर निजवले, शेवंतीने तिचे डोके मांडीवर घेतले आणि आम्ही कल्याणच्या दवाखान्याकडे सुटलो. सापाच्या विषावरचे इंजेक्शन तिथेच मिळणार होते.

"आये, निजू नको. माज्याशी बोल गं."

मी जिवाच्या आकांताने धावत होतो. पण पाणी फिरायला वाट कुठे होती? शहाड यायच्या आधीच काटा लालवर गेला, वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडलो. तापलेले इंजिन आपोआप निवू द्यावे, मगच पाणी घालावे. दामाजीला ते ठाऊक होते. पण निवायला वेळ लागतो, आणि मागे सगुणेचे डोळे मिटत होते. तो डबा घेऊन उल्हास नदीकडे पळाला, धापा टाकत आला आणि ते गार पाणी त्याने माझ्यात ओतले. तड्! माझे अंग उभे चिरले. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केले असते.

"चल रं बाबा, येवढ्या येलेला चल!" तो रडत किल्ली फिरवत होता.

मी चाललो. तेलात पाणी शिरत होते, पिस्टन सिलिंडरला खरवडत होते, फोरमनचे ते घड्याळ आता किंचाळत होते. एकच ध्यास होता, दवाखान्याचे फाटक. फाटकात मी कायमचा जाम झालो. सगुणेला उचलून आत नेले. पुढे काय झाले ते मला कुणी सांगितले नाही. दुसऱ्या इंजिनावर गाडी चालेल म्हणून मला उतरवले आणि इथे आणून टाकले. तेव्हापासून मी त्या एका प्रश्नाने आतून जळतो आहे.

आज दुपारी दामाजी इथे आला. गाडी इतके दिवस दारात उभीच होती, आता दुसरे इंजिन हवे होते त्याला.

"जरा वाजवून दाखव," तो काळुरामला म्हणाला. "बायको भाईर रिक्षात हाय. तिनं आवाज आयकल्याबिगर न्यायचा नाय."

मित्रांनो, ती जिवंत होती! एक पाय ओढत ती आत आली, हातात पाण्याची बाटली. वाटेत माझ्यापाशी थबकली. माझ्या झाकणावरची पुसट हळद तिने पाहिली.

"अवं, यो आपलाच नं? याला वाजवा की."

"तो फुटलाय मावशी, उद्या भट्टीला जाणार," काळुराम म्हणाला.

मी सारा जीव एकवटला. एक ठोका, निदान एक! काही झाले नाही.

नव्या इंजिनासाठी आणलेली ती बाटली सगुणेने उघडली. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घालतात, तसे तिने माझ्या तोंडात पाणी ओतले. "घे बाबा, नलाचा हाय, गोरा हाय, खारा नाय," ती म्हणाली. दामाजी खाली मान घालून उभा राहिला.

त्या पाण्याची चव मला आयुष्यात पहिल्यांदा कळली. मित्रांनो, तुमच्या घरी जे कोणते इंजिन असेल, त्याचा आवाज ऐका आणि त्याला हे पाणी वेळेवर द्या. माझ्या अंगात ते थांबले नाही. तड्यातून सगळे खाली मातीत गेले.