वेगळं वाटलं होतं

लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात अण्णाराव सर इंग्रजी शिकवायचे. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना इंग्रजीचं काय पडलेलं? तरी सरांच्या तासाला वर्ग भरलेला असे, कारण ते शब्दांची कुळं सांगायचे.

एकदा त्यांनी फळ्यावर 'डिसेंट' लिहिलं. म्हणाले, "आपण मतभेद म्हणतो. मत म्हणजे विचार करून बनवलेलं, डोक्यातलं. हा शब्द लॅटिनमधून आला. 'डिस' म्हणजे अलग, 'सेंटिरे' म्हणजे वाटणं. सगळ्यांपेक्षा वेगळं वाटणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. 'कन्सेंट' त्याचा सख्खा भाऊ. सगळ्यांसोबत वाटणं."

हिमायतनगरहून आलेली गौसिया पुढच्या बाकावरून म्हणाली, "पण सर, नुसतं वाटून काय उपयोग? पुरावा नको?"

"शिक्षा करायला पुरावा लागतो, बाई. मला पटत नाही, एवढं म्हणायला वाटणं पुरतं."

पुढे हीच गौसिया एमएस्सी होऊन त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली. तिचे वडील खाजामियाँ हिमायतनगरच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचे. त्यांच्या घरातून नोकरीसाठी बाहेरगावी राहिलेली ती पहिलीच मुलगी. दहावी झाली की धाकटी बहीण उमैमा हिलाही तिच्याकडे लातूरला ठेवायचं ठरलं होतं.

त्या वर्षी सराव परीक्षेचा पेपर आदल्या दिवशीच पोरांच्या मोबाइलवर फिरला. पेपर गौसियानं काढलेला होता, म्हणून बोट तिच्याकडेच गेलं. संस्थेचे सचिव शरणप्पा, उपप्राचार्या शिवकांता मॅडम आणि अण्णाराव, अशा तिघांची चौकशी समिती बसली.

गौसिया समितीसमोर शांतपणे बोलली. पेपर टाइप करायला ऑफिसात दिला, त्यानंतर तो आपल्या हातात नव्हता, एवढंच तिचं म्हणणं. ती बाहेर गेल्यावर शरणप्पा म्हणाले, "पालक ओरडायलेत. कुणाला तरी घालवावंच लागतंय. तिघांचं एकमत पाहिजे."

 शिवकांता मॅडमनी अण्णारावांकडे पाहिलं. "सर, तुम्हाला वेगळं वाटत असेल तर डिसेंट नोट लिहा. तसा अधिकार आहे तुम्हाला."

वेगळंच वाटत होतं. या मुलीनं हे केलेलं नाही, असं त्यांना आतून ठाम वाटत होतं. पण निवृत्ती तोंडावर आली होती आणि सून शिल्पा याच संस्थेच्या शाळेत नुकतीच लागलेली होती. "माझ्याकडं तरी काय पुरावा हाय?" असं म्हणून त्यांनी सही केली.

गौसिया गावी परतली. लातुरात दुसऱ्या कुणी तिला घेतलं नाही. बातमी तिच्या आधी पोचायची. पुढच्या वर्षी पेपर पुन्हा फुटला, आणि आता तर ती तिथं नव्हतीच. नीट शोध घेतला तेव्हा ऑफिसातल्या एका क्लार्कनं भाच्यासाठी दोन्ही वेळा पेपर पाठवल्याचं कबूल केलं. शरणप्पांनी अण्णारावांना फोन केला. "झालं ते झालं. जुनी फाइल कशाला उघडायची?"

तोवर अण्णाराव निवृत्त झाले होते. दुसऱ्याच दिवशी ते नांदेडमार्गे हिमायतनगरला गेले. दुकानामागच्या खोलीत गौसिया शिकवणी घेत होती. तिनं मुलांना घरी पाठवलं आणि सरांना खुर्ची दिली. त्यांनी क्लार्कची हकिगत सांगितली.

"कळालं मला," ती म्हणाली. "शिवकांता मॅडमचा फोन आला होता. परत या म्हणाल्या. मी नाही म्हटलं."

"गौसिया, त्या दिवशी मला वेगळं वाटत होतं. तू हे केलं नाहीस असंच वाटत होतं."

 ती म्हणाली, "मला समितीच्या कागदाची प्रत मिळाली होती, सर. पहिल्यांदा तुमचंच नाव शोधलं. तुम्ही वेगळं लिहिलं असतं तरी मी गेलेच असते, दोघं पलीकडं होते. पण अब्बांना दाखवायला एक ओळ राहिली असती. लातूरला एक माणूस असा होता, म्हणून."

"आणि उमैमा?"

"अब्बांनी तिला लातूरला पाठवलं नाही. इथंच आर्ट्सला घातलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला," गौसिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आशाही नव्हती.

खाजामियाँनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. "सर, तुम्ही उन्हातान्हाचं आलात, लई मेहेरबानी," ते म्हणाले. "माझ्या पोरीवर माझा भरवसा कधीच कमी न्हवता. पण एका पोरीचं नाव तिथं असं निघालं. दुसरीला कुणाच्या भरवशावर पाठवू, तुम्हीच सांगा."



खाजामियाँ अण्णारावांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आले. सर नको नको म्हणत असताना गर्दीतून पुढं घुसले आणि नांदेडच्या गाडीत खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली. सरांना बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली, "पोचल्यावर फोन करा" म्हणाले. गाडी निघेपर्यंत ते खाली उभे होते. खिडकीतून त्यांच्या नजरेला नजर देणं मात्र अण्णारावांना जमलं नाही.