शंकेखोराची नजर

पडद्यावर हिरवी कडी उमटली आणि सभागृहातल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकदम "अहाहा" निघालं. फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक पार जिन्यापर्यंत उभे होते. कुणी हात जोडत होतं, कुणी डोळे पुसत होतं.

"ही बघा प्रभावळ!" तेजसर माइकवर म्हणाले. "देवाच्या मागे असते ना, तीच. इथे तुमच्या एकेका पेशीभोवती आहे! रिपोर्टात दिसली कधी? नाही दिसणार. त्याला पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भाव लागतो!" एवढं बोलून त्यांनी लगेच दिवा बंद केला. "पुरे. तेजाला दृष्ट लागते."

तेजसर हे लोकांनी ठेवलेलं नाव. पूर्वी हे गृहस्थ प्रयोगशाळांना रसायनं पुरवायचे, आता आयुष्य पुरवू लागले होते. रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात तपकिरी बाटलीतला थेंब मिसळायचा, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि निळा दिवा लावायचा. पेशी उजळल्या की चाळीस दिवसांचा काढा सुरू आणि बाकीची औषधं बंद. औषधांनी म्हणे तेज झाकोळतं.

पडद्यावरच्या पेशी माझ्या ताईच्या होत्या. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिला रक्ताचा कर्करोग होता. उपचारांचे दोनच टप्पे उरले होते आणि डॉक्टरांना चांगली आशा होती. ते उपचार तिने नऊ आठवड्यांपूर्वी सोडले. मी दुसऱ्या शहरात राहते. फोनवर ती "छान आहे गं मी" म्हणायची आणि मी ते खरं मानून मोकळी व्हायचे. याची मला आजही लाज वाटते.

भाऊजी मात्र गप्प बसले नव्हते. पहिल्याच सभेत त्यांनी हात वर करून विचारलं होतं, "गुण आधीच्या औषधांचा की तुमच्या काढ्याचा, हे ओळखायचं कसं?"

तेजसर गोड हसले होते. "या की पुढे. बाईंच्या पेशी तुम्हीच डोळे भरून बघा."

भाऊजी बघत राहिले. बघता बघता कडी मंदावली आणि मिनिटाभरात पडदा काळा झाला.

"शंकेखोराची नजर!" तेजसर हळहळले. "यांनी घरचाच दिवा फुंकला हो!"

त्या दिवशी ताईने नवऱ्याची खाट मागच्या खोलीत हलवली. सख्खा नवरा बायकोला दाराआडून "जेवलीस का?" विचारायचा. मी पोचले तेव्हा भाऊजी घरात काळा चष्मा लावून वावरत होते. इमारतींचे नकाशे काढणारा, चांगला शिकलेला माणूस! मी भडकले तर म्हणाले, "तू नव्हतीस तिथे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या नजरेतच काहीतरी वाईट आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणूनच त्या रविवारी भाऊजींना घेऊन मी सभेला गेले होते. हिरवी कडी पाहिली आणि हसावं की रडावं कळेना. पेशींच्या पटलाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. असली कडी मी रोज सकाळी दहा वाजता करते.

मी उभी राहिले. "सर, ताईची काच पुन्हा लावा आणि दिवा चालूच ठेवा. भाऊजी बाहेर जिन्यात थांबतील. आपण सगळे डोळे मिटू, तुम्हीसुद्धा. मी साठपर्यंत मोजते."

"हा तेजाचा अपमान आहे," तेजसर म्हणाले.

मागून एक म्हातारी परिचारिका बोलली, "कर नाही त्याला डर कशाला? होऊन जाऊ द्या की."

साठ झाले. डोळे उघडले तर पडदा काळाठिक्कर.

"आता कुणाच्या नजरेने विझलं?" मी विचारलं.

"तुमच्या मनात शंका होती!"

"होती. आता दुप्पट झाली." मी पुढे गेले आणि सूक्ष्मदर्शकाचं भिंग बदलून काचेचा मोठा भाग पडद्यावर आणला. सगळीकडे ताजी, लखलखीत हिरवी कडी होती आणि मधोमध एक काळं वर्तुळ. "शंका अशी कंपासने आखल्यासारखी गोल असते का हो, सर? तेवढ्याच भागावर दिव्याचा झोत पडला होता."

मग मी लोकांना सांगितलं. प्रत्येक पेशीला पातळ पटल असतं. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचं बनतं. तोच पदार्थ प्रयोगशाळेत चमकणारा रंग जोडून मिळतो. तपकिरी बाटलीत तोच होता. रक्तात टाकला की आपणहून पटलात शिरतो. भाविकाच्या, चोराच्या, बोकडाच्याही. निळ्या दिव्याखाली तो चमकतो, पण त्याच दिव्याखाली फार वेळ राहिला तर उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा विटतो. भाविकांसाठी दिवा लगेच बंद व्हायचा, शंकेखोरासाठी चालू राहायचा. चमत्कार एवढाच.

भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन ती रडली.

तेजसर मागच्या दाराने कधी सटकले, कळलंही नाही. एक बाई मात्र माझ्यावरच धावून आली. "काय मिळालं तुला? जरा आशा होती आम्हाला!"

दुसऱ्याच दिवशी ताईला रुग्णालयात नेलं. आजार उलटला होता. ती एकोणीस दिवसांनी गेली. ते एकोणीस दिवस भाऊजी तिच्या उशाशी होते. ती सारखी म्हणायची, "इकडे बघा ना."

नंतर एकदा भाऊजी मला म्हणाले, "मी त्या दिवशी हात वर केला नसता, तर निदान ते नऊ आठवडे ती माझ्याशी बोलली असती."

"भाऊजी," मी म्हटलं, "सभेला दीडशे-दीडशे माणसं असायची आणि हात एकच वर गेला. आणखी चार गेले असते, तर कदाचित ती आज असती."

म्हणून हे लिहिते आहे. डोळ्यांना दिसलं ते खरंही असेल, पण ते कशाने दिसतं, हे विचारा. दुसरा कुणी विचारत असेल तर त्याला एकटं पाडू नका. आणि प्रश्न विचारला की ज्याला राग येतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.