रेकॉर्डवाल्याची पहिली वरात

सेलूच्या बाजारात कुणीही ताराचंदचं नाव काढलं की पुढे ‘रेकॉर्डवाला’ लागायचंच. घरचं कापडाचं दुकान, ते भावाने सांभाळलं. हा मात्र ऐन जवानीत नागपूरला पळाला आणि एका हॉटेलातल्या डिस्कोत गाणी लावायला शिकला. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथली दोन टर्नटेबलं आणि पोतंभर रेकॉर्डी घेऊन गावी परतला. एक रेकॉर्ड संपायच्या आत दुसरीवर सुई ठेवायची, दोन्हींचा ठेका कानाने एक करायचा आणि नाचणाऱ्याला सांधा कळूही द्यायचा नाही, ही त्याची हातोटी. पेन ड्राइव्ह घेऊन फिरणारे डीजे गल्लोगल्ली झाले, तरी साखरपुडा म्हणा, रिसेप्शन म्हणा, हौशी माणूस ताराचंदच्याच दारात यायचा.

वरात मात्र त्याने कधी वाजवली नव्हती. चालत्या ट्रकवर सुई टिकत नाही. एक खड्डा आला की गाणं उडून भलतीकडे जातं. आणि आताशा लोकांना वरात आणि रिसेप्शन एकाच माणसाकडे हवं असतं. ताराचंद वरातीला नाही म्हणायचा, मग रिसेप्शनही हातचं जायचं. दोन उन्हाळे असे गेल्यावर त्याची मुलगी मयुरी हट्टाला पेटली आणि बापाला नागपूरला नेऊन कंट्रोलर घ्यायला लावला. सुटकेसएवढी काळी पेटी, वर रेकॉर्डसारख्या दोन गोल चकत्या आणि शेजारी लॅपटॉप. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये. ठेका जुळवायला एक बटण.

“ठेका हेच जुळवते,” ताराचंद म्हणाला, “तं मी काय करू?”

“तुमी लोकं पाहा ना, बाबा. त्याहिले काय पायजे ते पाहून गाणं लावा.”

“मी काय वरातीतला पाहुणा हावो का?”

बायको ज्योत्स्ना मध्ये पडली नसती तर ती पेटी दुसऱ्याच दिवशी परत गेली असती. तो घरी सराव करायचा, पण तोंड वाकडं करूनच.

पहिली वरात ठरली मे महिन्यात, सिंदी मेघेला. मारुतीच्या देवळापासून लॉनपर्यंत. ऊन कलायला लागलं होतं, तरी डांबर पायाला चटका देत होतं. ट्रकच्या मागच्या बाजूला स्पीकरची भिंत, तिच्यावर पेटी, आणि पेटीमागे ताराचंद, मागून नाचत येणाऱ्या गर्दीकडे तोंड करून. जनरेटर केबिनच्या पाठीशी. त्याच्याजवळ मयुरी.

ट्रक हलायच्या आधी ती पेटीपाशी आली. “बाबा, चकतीचं हे बटन मी बंद केलं. ट्रक हालते. चुकून हात लागला का गाणं अटकून जाईन.”

“हाव, हाव,” तो म्हणाला. पेटीला दोरी आवळण्यात त्याचं लक्ष होतं.

पहिलं गाणं लागलं आणि पोरं उधळली. स्पीकरच्या दणक्याने ताराचंदच्या छातीत धडधडत होतं. एकातून दुसरं गाणं त्याने बटण दाबून जोडलं. बिनचूक जुळलं. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या. पण त्याला आपण काही केलं असं वाटेना. इतकी वर्षं या वेळी त्याचे दोन्ही हात कामात असायचे, नजर सुईवर खिळलेली असायची. समोर कोण नाचतं ते रिसेप्शन संपल्यावर कळायचं. आता हात मोकळे. घाम पुसायचा आणि माणसं पाहायची, एवढंच काम.

म्हणून तो पाहत राहिला. घोड्यावरचा नवरदेव धीरज फेटा सावरून सावरून बेजार झाला होता. त्याचा भाऊ अंकित सगळ्यांत पुढे, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. आणि पोरांच्या ऐन मधोमध नवरदेवाची आत्या, मनकर्णाबाई. साठीची बाई, अंगावर जरीचं जड पातळ. पण पदर खोचून अशी नाचत होती की पोरं तिच्याभोवती रिंगण धरत होती. ताराचंदला हसू आलं. तिला आवडेल म्हणून त्याने पुढचं गाणं मुद्दाम जुन्या ठेक्याचं निवडलं. तिने वर पाहून हात हलवला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाहिलं, तेव्हा ती नाचत नव्हती. एक हात कपाळावर, दुसरा हात धरायला काही शोधत होता. तोंड लाल दिसत होतं आणि त्या उन्हातही घामाचा टिपूस नव्हता. रिंगण मोडलं होतं. पोरं आपल्याच नादात उड्या मारत होती. मनकर्णाबाई गुडघ्यांवर बसली. मग आडवी झाली, आणि वरून दिसेनाशी झाली. जिथे ती पडली तिथेच पाय दणादणा आपटत होते.

ताराचंद ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

मग हात आपोआप गेला. तीस वर्षांची सवय. गाणं थांबवायचं तर तळवा रेकॉर्डवर ठेवायचा, ती जागच्या जागी थांबते. त्याने पूर्ण तळवा चकतीवर दाबला. गाणं थांबलं नाही. नुसतं किंचित जड झालं आणि पुन्हा धावू लागलं. पोरांना ती नवी करामत वाटली. त्यांनी हात वर करून आरोळी ठोकली आणि आणखी उंच उड्या घेतल्या. ताराचंदने दुसरी चकती दाबली. मग समोर दिसेल ते बटण दाबलं. गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायला लागला, धाड धाड धाड, आणि गर्दी त्या तुकड्यावर पिसाटली.

तो वळला, स्पीकरच्या मागे वाकला आणि जनरेटरकडून येणारी मोठी वायर दोन्ही हातांनी ओढून काढली.

एकदम शांतता. कानात नुसती शिट्टी.

“थांबा! खाली बाई पडली हाये!” तो ओरडला. पण गर्दीतून त्याच क्षणी “ओऽऽ” असा हुर्यो उठला आणि त्यात त्याचं बोलणं बुडालं. तेवढ्यात कानठळ्या बसवत गाणं पुन्हा सुरू झालं. वायर निसटली असं समजून मयुरीने धावत येऊन ती परत खोचली होती.

ताराचंदने तिचं मनगट धरलं, वायर पुन्हा उपटली आणि ट्रकवरून खाली उडी टाकली.

खाली त्याला पहिला भिडला तो अंकित. त्याने सरळ कॉलर धरली. “काय करून राह्यला बे तू? भावाची वरात हाये ही! मशीन चालवता येत नाई तं आला काऊन?”

“तुही आत्या पडली.”

“काय?”

“आत्या! तिकडं, खाली पाह!”

अंकितची पकड सुटली. दोघांनी मिळून पोरांना खांद्याने ढकललं. मनकर्णाबाई कुशीवर पडली होती, पातळावर बुटांचे ठसे, डावा हात अंगाखाली वाकडा. अंग तापलेल्या तव्यासारखं. अंकितने “आत्या, वो आत्या” म्हणून हलवलं. ती पुटपुटली, पण शब्द लागेनात.

“सावलीत घ्या. पाणी आणा, पाणी!” ताराचंद ओरडला, आणि आता त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ट्रकच्या सावलीत तिला निजवलं. मयुरी पाण्याचा कॅन घेऊन आली. ओढणी ओली करून तिने बाईच्या मानेवर, काखेत ठेवली. कुणी फेट्याने वारा घालत होतं. वऱ्हाडातली एक गाडी मागे घेतली आणि अंकित तिला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

वरात तशीच पुढे निघाली. गाणं लावा असं कुणी म्हणालं नाही. घोड्याच्या टापा आणि चपलांचा आवाज तेवढा येत होता. ट्रक पुढे हळूहळू चालला होता. जनरेटरजवळ ताराचंद आणि मयुरी एकमेकांकडे न पाहता बसले होते.

“मी सांगतलं होतं बटनाचं,” मयुरी शेवटी म्हणाली.

“सांगतलं. मी ऐकलं नाई.”

“मंग मी वायर पण लावली. तिच्यावर अजून नाचले अस्ते ते.”

“तुले तिथून दिसत नव्हतं, बेटा.” त्याने कॅनमधलं उरलेलं पाणी तिच्यापुढे धरलं.

लग्न लागलं. अक्षता पडल्या तरी नवरदेवाच्या वडिलांचं, अण्णाजींचं लक्ष फोनकडेच. मग फोन आला. ते थेट ताराचंदपाशी आले. तो उठून उभा राहिला, आता बोलणी खायची म्हणून.

“शुद्धीवर हाये,” अण्णाजी म्हणाले. “सलाईन लावली. हात मोडला. डॉक्टर म्हणते, अजून थोडं झालं अस्तं तं...” त्यांनी ताराचंदच्या खांद्यावर हात ठेवला. मग नाक पुसून म्हणाले, “रिसेप्शनले वाजवजो. पण बारीक.”

दुसऱ्या दिवशी बापलेक दवाखान्यात गेले. मनकर्णाबाई उशीला टेकून बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये.

“तूच का थो गाणेवाला?” तिने विचारलं. “चांगलं लावलं होतं रे. माह्या लग्नाच्या टायमाचा ठेका होता थो.” मग रागावून म्हणाली, “पण अंकित्यानं तुही कॉलर धरली म्हणते. मी झापलं त्याले.”

घरी आल्यावर ताराचंदने पेटी ओसरीत मांडली आणि मयुरीला हाक मारली.

“काय लावू, बाबा?”

“लावू नको. मले पयले थांबवाचं शिकव.”

तिने एकेक बटण दाखवलं. तो डोळे मिटून पुन्हा पुन्हा तेच करत राहिला. स्वयंपाकघरातून ज्योत्स्ना म्हणाली की एकही गाणं धड पुरं होत नाही, डोकं उठलं. तरी दोघं थांबले नाहीत.

पुढची वरात गिरडच्या बाजूला होती. निघण्याआधी ताराचंदने अट घातली. ट्रकच्या मागे पाण्याचे कॅन असतील, दर चौकात गाणं थांबेल, आणि थांबेल तेव्हा कुणी कुरकुर करायची नाही. नवरदेवाचे मित्र हसले. पहिल्या चौकात त्याने चकतीचं बटण चालू करून तळवा तिच्यावर ठेवला, गाणं जागच्या जागी थांबलं, आणि तो माईकवर म्हणाला, “पाणी प्या, बाप्पाहो. मी कुठं पळून नाई चाल्लो.”