पोटावरचे पाच व्रण

रविवारी सकाळी नऊला सभागृहाचं दार उघडायचं, पण आठ वाजल्यापासूनच रांग जिना उतरून रस्त्यावर आलेली असायची. रांगेतलं जवळजवळ प्रत्येक माणूस अंगानं भरलेलं आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. पाणी सभागृहाच्या नळाचंच असायचं, पण मंचावर बसलेले पाणीवाले काका डोळे मिटून त्यावर फुंकर घालायचे आणि मग ते पाणी म्हणे चरबी वितळवायचं.

काकांचा अवतार काही साधू-संन्याशाचा नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज मात्र लोण्यासारखा.

"चरबी कशाची असते?" ते विचारायचे. "खाण्याची? छे! चरबी असते गिळलेल्या रडण्याची! आणि डॉक्टर काय करतात? पोट फाडतात. अहो, ओझं मनाचं आणि फाडायचं पोट! डोकं दुखलं म्हणून टोपी कापता का?"

लोक हसायचे, काही बायका डोळे पुसायच्या. मग कुणीतरी एक बाई मंचावर जायची. काकांची मेहुणी टेप काढून तिची कंबर मोजायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. बेचाळीस! बाई ग्लासभर पाणी पिऊन अर्धा तास डोळे मिटून बसायची. मेहुणी पुन्हा मोजायची. एकोणचाळीस! अर्ध्या तासात तीन इंच! टाळ्यांनी छत दणाणायचं.

मी पहिल्या रांगेत बसलेली असायचे. मी शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की मेहुणीचा पहिला टेप डाव्या खिशातून निघतो आणि दुसरा उजव्यातून. कापडी टेप ओला करून, खाली वजन बांधून टांगून ठेवला की लांबतो. त्याचा इंच मग खऱ्या इंचापेक्षा मोठा होतो आणि तीच कंबर कमी इंचांत बसते. दुकानात मी दर वर्षी टेप फेकून नवा आणते तो याचसाठी. वजनकाटा काकांनी कधी मंचावर येऊ दिला नाही. "यंत्राला श्रद्धा कळत नाही," म्हणायचे.

हे सगळं कळूनही मी गप्प बसले, कारण नेमकं तेव्हाच काकांनी माझ्याकडे हात केला. "आणि या ताई बघा! एकशे सव्वीस किलोंच्या होत्या. आज किती? चौऱ्याहत्तर! उभ्या राहा, ताई."

आणि मी उठून उभी राहिले.

आता सांगते ते तेव्हा सांगायला हवं होतं. माझं वजन ऑपरेशननं उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला माझ्याच भाषेत समजावलं होतं, "मोठ्या पिशवीला आतून उभी टीप मारायची आणि टिपेबाहेरचं कापड कापून टाकायचं. जठराचं आम्ही तेच करतो." आधी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढले. टेबलावर झोपवून मला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावले, त्यातला सात आठवतो. जागी झाले तर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या हवेनं तसं होतं म्हणे. पोटाशी उशी दाबून हॉस्पिटलच्या बोळातून चालले. पाणी औषधाच्या इवल्याशा कपातून, घोट घोट. तांब्यावर तांब्या रिचवणारी मी, तो कप संपवायला मला पाव तास लागायचा. तिसऱ्या महिन्यात केस मुठीनं गळले. एकदा बेकरीच्या काचेसमोर उभी राहून पावाकडे बघत मी अशी रडले, जशी माणसं माणसासाठी रडतात. आणि सातव्या महिन्यात एके दिवशी माझे दोन्ही गुडघे शिलाई मशीनखाली मावले, तेव्हाही रडले.

हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. बाकी सगळ्यांना मी सांगितलं होतं की परगावी नव्या मशीनचं काम शिकायला जाते. आयुष्यभर "जरा तोंड आवर" हेच ऐकत आले होते. ऑपरेशन म्हणजे तोंड आवरता आलं नाही याची कबुली, असं मला वाटायचं.

"सांगून टाक की. चोरी केलीस का?" नवरा म्हणायचा.

"तुमचं काय जातंय? तुम्ही काडीपैलवान!" मी त्याला उडवून लावायचे.

मग एक दिवस शाळेच्या बाई माप द्यायला आल्या. त्यांच्या शाळेचे गणवेश माझ्याकडेच शिवले जातात. "अगोबाई, निम्म्या झालात की हो! कशानं?" माझ्या तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून क्षणभर सुटले. टाचण्या काढता काढता नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे पाणीवाल्या काकांच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला होता.

"त्यांचं पाणी," मी म्हटलं.

बस, एवढंच. पुढच्या रविवारी बाई मला हाताला धरूनच सभागृहात घेऊन गेल्या. काकांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं, मीही त्यांना नाही. तरी माझी दोन्ही वजनं विचारून घेत ते म्हणाले, "ओळखलं, ओळखलं! ताई आपल्या पहिल्यापासूनच्या!" एका खोटारड्यानं दुसरीला एका नजरेत ओळखलं. महिनाभरात माझे आधीचा आणि आताचा असे दोन फोटो सभागृहाच्या दारावर लागले. आधीचा फोटो मीच दिला होता.

माझी धाकटी बहीण त्या फोटोंपुढे उभी राहिली आणि तिथून थेट माझ्या दुकानात आली. तिला घरात सगळे छोटी म्हणायचे, आणि होती माझ्याच घडणीची. बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. खुर्चीतून उठताना खुर्चीही तिच्याबरोबर उठते, अशी चेष्टा ती स्वतःच करायची, दुसऱ्या कुणी करायच्या आत. तिचा नवरा लांब दुसऱ्या गावी कामाला. घरी ती आणि दहा वर्षांची मुलगी. सहा वर्षांपासून छोटीला साखरेचा आजार होता, आणि तो गोळ्यांवर भागणारा नव्हता. रोज इन्सुलिनची सुई.

"ताई, तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "स्वतः एकटीच बारीक झालीस होय गं? लबाड!"

मी हसले. देवाशपथ सांगते, मी हसले.

दोन महिन्यांत छोटी खरंच झपाट्यानं उतरली. टेपचे इंच नव्हेत, खरे. मी माझ्या टेपनं मोजले ना! तिचा निळा ड्रेस मी तीनदा आत घेतला. दर वेळी टीप उसवायची, अंगाबरोबर करायचा, पुन्हा मारायची. जादा कापड कापलं नाही, आतच ठेवलं. ती आरशासमोर गिरकी घ्यायची आणि मला तिचा आनंद बघून भरून यायचं. आपण खोटं बोललो, पण चांगलंच झालं की, असंही एकदा मनात आलं.

तिसऱ्या वेळी ड्रेस घालताना ती धापा टाकत होती. घटाघटा पाणी पीत होती, बाटलीवर बाटली. जवळ आली तर श्वासाला कसलासा वास, खूप पिकून नासलेल्या फळासारखा.

"छोटे, हा वास कसला?"

"काका म्हणाले, चरबी वितळली की असा वास येतो. चांगलं लक्षण आहे."

"सुई घेतेस ना?"

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "काका म्हणाले, पाणी आणि औषध एकत्र चालत नाही. तीन आठवडे झाले बंद करून. आधी थोडी थोडी कमी केली होती."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. "वेडी आहेस का? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल!"

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "तू गेली होतीस डॉक्टरकडे?"

दुकानात शाळेच्या बाई बसल्या होत्या. आणखी दोघी गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे.

"नाही," मी म्हटलं.

"मग? तुझं झालं, माझं नाही होणार?" तिनं माझ्या गालाला हात लावला आणि ती कामावर गेली. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन, दार लावून खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं.

दुपारी अडीच वाजता ती तिकीट खिडकीत कोसळली. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होती. शुद्धीवर न येताच गेली.

"सुई कधीपासून बंद होती?" तरुण डॉक्टरनं विचारलं. मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "इन्सुलिन नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. शरीर उपाशी राहतं आणि स्वतःचीच चरबी, स्वतःचंच मांस जाळत सुटतं. त्यातून रक्तात आम्ल साचतं. तो वास त्याचाच होता. वजन कशानं उतरतंय, हे तुम्हाला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही का?"

तिचं वजन आजारानं उतरत होतं आणि मी तिचे कपडे आत घेत होते.

भाची माझ्याकडे राहायला आली. आठव्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून कपडे घालत होते, ती कंगवा मागायला आत आली. माझ्या पोटाकडे बघत राहिली. बोटानं व्रण मोजले तिनं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"मावशी, हे काय गं?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. पोरीला शेजारी बसवून सगळं सांगितलं. भोकं कुठे पाडली, पिशवी कशी शिवली, सगळं. ती नीट ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"आईला माहीत होतं?"

त्या प्रश्नानं मी जी मोडले, ती अजून पुरती जुळलेली नाही.

त्या रविवारी मी सभागृहात गेले. दारावर माझे फोटो होतेच. आत मंचावर कुणीतरी बाई, मेहुणी, टेप, सगळा खेळ रंगलेला. मेहुणीनं "छत्तीस!" म्हणून दुसरा टेप खाली ठेवला आणि मी मंचावर चढून तो उचलला. काकांना वाटलं, ताई दोन शब्द बोलणार. त्यांनीच माझ्या हातात माईक दिला.

मी माझ्या पिशवीतून नवा टेप काढला. दोन्ही टेपांची टोकं जुळवून पहिल्या रांगेत बसलेल्या शाळेच्या बाईंच्या हातात दिली आणि दोन्ही ताणून धरले. माझ्या टेपचे साठ इंच संपले, तेव्हा काकांच्या टेपवर अजून छप्पन्नसुद्धा आले नव्हते. बाईंनी वाकून आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचले, वर्गात वाचतात तसे.

"टेपचं काय घेऊन बसलात!" काका उठले. "ताईंच्या घरी दुःख झालंय, त्यांचं मन थाऱ्यावर नाही. ताई, तुमचं स्वतःचं वजन? ते तर खरं ना?"

"ते खरं," मी म्हटलं आणि भरल्या सभागृहासमोर कुडता वर केला. "हे पाच व्रण बघा. ऑपरेशनचे आहेत. एका डॉक्टरनं माझं जठर कापून शिवलं, म्हणून वजन उतरलं. काकांचं पाणी मी कधी प्यायलेच नाही. मला लाज वाटत होती, म्हणून खोटं बोलले. माझ्या बहिणीनं ते खरं मानलं. तिनं सुई सोडली. तुमच्यातलं कुणी काही औषध सोडलं असेल, तर इथून उठा आणि सरळ हॉस्पिटलात जा."

टाळ्या-बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ हळूच उठून बाहेर गेले, मग त्यांच्यामागून दोघी, मग निम्मं सभागृह. शाळेच्या बाईंनी बाटलीतलं पाणी कुंडीत ओतलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं. उरलेले तरीही रांगेतच होते. एक बाई मला म्हणाली, "तुमचं झालंय, म्हणून दुसऱ्यांचं होऊ देत नाही!" काका त्या आठवड्यात गाव सोडून गेले. दुसरीकडे कुठेतरी नवा कागद चिकटवला असेल.

टेपची लबाडी मी बघताक्षणी ओळखली होती. पण त्या लबाडीनं माणसं फार तर हरखायची. छोटीला खात्री पटली ती माझ्यामुळे. काकांचा सगळ्यात मोठा चमत्कार मी होते, आणि तो मी माझ्या तोंडानं घडवला होता.

म्हणून हात जोडून सांगते. कुणी अद्भुत काही दाखवलं तर विचारा, कशानं झालं, कुणी मोजलं, कुठल्या मापानं मोजलं. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. चालू औषध सोडायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलत असो, त्याच्यासमोरून उठा. आणि तुम्ही स्वतः बरे झाला असाल, तर कशानं झालात ते खरं सांगा. उपचार घेण्यात लाज नाही. लाज मी जे केलं त्यात आहे.

आता दुकानात कुणीही विचारलं की मी मशीन थांबवते आणि ऑपरेशनचं सगळं सांगते, केस गळले तेसुद्धा. भाची शेजारी बसून बटणं लावत असते. निळा ड्रेस कपाटात आहे. तिच्या अंगाला येईल तेव्हा आतलं कापड सोडून मापाचा करून देईन, असं तिला सांगितलंय.

तिनं अजून एकदाही मला दोष दिलेला नाही. पण रोज सकाळी, कुणी यायच्या आत, कात्री हातात घेतली की छोटीचा प्रश्न ऐकू येतो, तू गेली होतीस डॉक्टरकडे? आणि रोज मी त्या रिकाम्या दुकानात मोठ्यानं उत्तर देते, हो गं छोटे, गेले होते.